बिल आलं, माल आलाच नाही

प्रश्न : ताई, मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते, चार वर्षं झाली. हल्ली एका पार्टीची बिलं येतायत पण गेटच्या रजिस्टरमध्ये माल आल्याची नोंदच नाही, तरी शेठ म्हणतात टॅलीत चढव, क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेऊ. दोन बिलं मी चढवलीही. तिसऱ्याला अडले तर हसून म्हणाले, "बधा करे छे, बेन" (सगळेच करतात). आई म्हणते, सही त्यांची, तुझं काय जातंय? पण झोप लागत नाही. नोकरी सोडू का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : अगं, सोडायचं नंतर बघू. आधी आईचं म्हणणं, कारण ते खरं नाहीये. माल न येता नुसत्या बिलावर क्रेडिट घेतलं तर जीएसटीत दंड निदान १० हजार किंवा टॅक्सएवढा, जे जास्त असेल ते, आणि अशा कामात मदत करणाऱ्यालाही वेगळा २५ हजारांपर्यंत.

पण तुझी झोप दंडाने उडालेली नाही. गेटचं रजिस्टर बघ असं तुला कुणी सांगितलं होतं का? तू आपणहून जाऊन बघितलंस, आता ते न बघितल्यासारखं करता येत नाहीये, एवढंच झालंय.

शेठना तत्त्वं-बित्त्वं ऐकवू नकोस. "गेट एन्ट्री आणि ई-वे बिल मिळालं की लगेच चढवते," एवढंच, आणि व्हॉट्सअॅपवर, तोंडी नको. ई-वे बिल म्हणजे माल नेताना काढायचं ऑनलाइन कागदपत्र, ५० हजारांवरच्या मालाला ते साधारण लागतंच, त्यामुळे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस.

चिडतील, कदाचित काढतीलही, खोटं कशाला सांगू. माझे वडील रावपुऱ्यात एका पेढीवर होते, मागची तारीख टाकून पावती लिहायला नाही म्हणाले आणि घरी बसले आठ महिने. कुणी हार घातला नाही, उलट मामा येऊन येडा म्हणून गेले, आणि आई शिवणाचं मशीन रात्री अकरापर्यंत चालवायची, तो खडखडाट मला अजून आठवतो. म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा लिहू नकोस, पण दुसरीकडे बघायला आजच लाग.

आणि त्या आधीच्या दोन बिलांचं क्रेडिट पुढच्या ३बी या जीएसटी रिटर्नमध्ये रिव्हर्स, म्हणजे परत करता येतं, वापरून झालं असेल तर १८ टक्के व्याज भरून. सोमवारी सीएला फोन लावून पहिलं तेच विचार.