विंडसर्फिंगमध्ये फूटस्ट्रॅपमध्ये (बोर्डवरच्या पाय अडकवायच्या पट्ट्यांमध्ये) पाय घालायला गेलं की बोर्ड वाऱ्याकडे वळून थांबतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा घाई नडते. बोर्ड प्लेनिंगला येण्याआधीच, म्हणजे वेगाने पाण्यावरून घसरू लागण्याआधीच, मागे सरकलात, तर मागचं टोक बुडतं, नाक वाऱ्याकडे फिरतं आणि वेग संपतो.

आधी हार्नेसचा (कमरेला बांधायच्या पट्ट्याचा) हुक बूमच्या, म्हणजे शीड धरायच्या दांडीच्या, दोरीत अडकवा आणि शरीराचा भार बूमवर सोडा. हा भार मास्टच्या (शिडाच्या खांबाच्या) पायथ्यातून बोर्डवर उतरतो, त्यामुळे बोर्ड सपाट राहतो आणि पाय हलके होतात. खरी मेख इथेच आहे. पाय हलका नसेल तर तो स्ट्रॅपमध्ये जाणारच नाही. बोर्ड सुसाट निघाला की मागचा पाय मधल्या रेषेवर ठेवून पुढचा पाय आत सरकवा. नजर पुढे, पायांकडे बघितलं की अंग वाकतं आणि शीड ढिली पडते. मागच्या पायाची घाई नको. वेग वाढू द्या, बोर्ड किंचित वाऱ्यापासून दूर वळवा, मगच तो घाला.

स्ट्रॅप सुरुवातीला पुढच्या आणि आतल्या भोकांत बसवा. दुकानातून आलेली मांडणी बऱ्याचदा नवशिक्यासाठी फार मागे असते. माप असं ठेवा की पायाची बोटं पलीकडून दिसतील. पाय घोट्यापर्यंत आत गेला, तर पडताना अडकून मुरगळतो.