कमरेखाली ताकद नसताना थार पुन्हा ऑफ-रोडला नेता येईल का? गाडीत काय बदल करावे लागतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अपघातात भावाच्या मणक्याला मार बसला, दोन्ही पायांतली ताकद गेली, दारात ऑटोमॅटिक फोर बाय फोर थार उभी आहे. हॅन्ड कंट्रोल (ब्रेक आणि रेस हातानं द्यायची सोय) लावून ती पुन्हा डोंगरात नेता येईल का?

येईल. मी स्वतः टी-१० पातळीच्या (पाठीच्या कण्याच्या छातीच्या भागातली दहावी पातळी) इजेनंतर तशीच थार चालवतो, बहुतेक वेळा साताऱ्याच्या आसपासच्या कच्च्या वाटांवर. फक्त "किट कुठलं घेऊ?" इथून सुरुवात करू नका. पायाचं काम हाताकडे देणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते धड सावरणं, आणि त्याबद्दल फिटरही बोलत नाही आणि ऑफ-रोडवाले मित्रही.

टी-१० म्हणजे साधारण बेंबीपासून खाली. पोटाचे खालचे स्नायू काम करत नाहीत. हायवेवर हे जाणवतसुद्धा नाही, सीटची पाठ सांभाळून घेते. पण गाडी एका अंगावर कलली की धडधाकट माणूस नकळत डावा पाय रेटतो, गुडघा दाराला टेकवतो आणि सरळ बसून राहतो. आपल्याला ते नाही. एक हात हॅन्ड कंट्रोलवर, दुसरा स्टेअरिंगवर, मग अंग धरायला हात उरतो कुठं? अशा वेळी माणूस स्टेअरिंगलाच लोंबकळतो आणि गाडी त्याच्या वजनाबरोबर वळते. म्हणून पहिला खर्च सीटवर करा.

कंपनीच्या बेल्टवर यासाठी भिस्त ठेवू नका. तो झटका बसला किंवा गाडी चांगलीच कलली तरच लॉक होतो. हळूहळू कलणाऱ्या अंगाला तो निवांत सैल सोडत जातो. मी छातीला चार इंच रुंद वेगळा पट्टा घेतला आहे, काखेच्या खालून सीटच्या पाठीमागं वळसा घालणारा, एका हातानं सुटणारा. त्यावरून कंपनीचा बेल्ट नेहमीसारखा लावायचाच. छातीचा पट्टा अंग सावरायला आहे, अपघातात वाचवायला नाही. सीटच्या दोन्ही बाजूंना कुशनवाल्याकडून घट्ट फोमच्या उशा शिवून घेतल्या, बरगड्यांना टेकतील अशा. (गाडीच्या सीटमध्येच साइड एअरबॅग असेल तर तिथं काहीही शिवायचं नाही.) सीटचा मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे कंबर मागं रुतून बसते. व्हीलचेअरवरची हवेची गादी गाडीत नको, दगडांवर ती अंग डोलवत ठेवते. फोम किंवा जेलची घ्या आणि घरी आल्यावर बसायच्या जागची कातडी आरशात बघायची सवय लावा. लाल चट्टा दिसला तर तो पूर्ण जाईपर्यंत गाडी बंद. बेडसोर झाला तर माणूस महिनोन्महिने पालथा पडून राहतो, तिथं हौसेला जागा नाही.

आता किट. आपल्याकडे मिळणारे बहुतेक किट यांत्रिक असतात: एक लिव्हर, तिच्यातून निघालेल्या दोन दांड्या ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलला क्लॅम्पनं जोडलेल्या. ब्रेकसाठी लिव्हर पुढं ढकलायची हे जवळपास सगळ्यांत सारखं. फरक रेस कशी द्यायची यात आहे. काहींत लिव्हर खाली दाबायची, काहींत आपल्याकडे ओढायची. डांबरी रस्त्यावर खाली दाबायचा प्रकार आरामाचा आहे, हात दुखत नाही. खडकाळ वाटेवर मात्र प्रत्येक आदळ्याला हाताचं वजन लिव्हरवर पडतं आणि गाडी आपसूक रेस घेते. ओढायच्या प्रकारात नाक खड्ड्यात गेलं की अंग पुढं जातं, हात लिव्हर ढकलतो आणि ब्रेक लागतो. म्हणजे चुकलंच तर थांबायच्या बाजूनं चुकतं. मागं फेकलं गेल्यावर रेस ओढली जाऊ शकते हे खरं, पण मागं सीटची पाठ असते, अंग फार जात नाही. ऑफ-रोडसाठी माझं मत ओढायच्या प्रकाराला. दाराच्या बाजूला कोपर टेकायला काहीतरी करून घ्या, मनगट स्थिर राहतं.

लिव्हर उजव्या हाताला, दाराच्या बाजूनं बसवा. का, ते लो रेंज (फोर लो, कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकताना कळतं. थारचा फोर बाय फोरचा दांडा हाताचा आहे, नवा असताना चांगलाच कडक. गाडी पूर्ण थांबवायची. उजव्या हातानं ब्रेक ढकलून धरायचा, तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. डाव्या हातानं आधी हँडब्रेक, मग गिअर न्यूट्रलला, मग दांडा फोर हायवरून न्यूट्रलमधून पुढं फोर लोपर्यंत. हा मधला न्यूट्रल फसवा आहे: दांडा तिथं असताना ऑटोमॅटिकचा 'पी' (पार्क) गाडी धरत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर गाडी सरळ निघते. पाय चालत असेल तर माणूस ब्रेकवर पाय देतो. आपल्याकडे उजवा हात आणि हँडब्रेक एवढंच. लिव्हर डाव्या बाजूला बसवली तर ब्रेक आणि दांडा दोन्ही एकाच हाताकडे येतात, आणि तुमचा फिटर रस्त्यावर गाडी फिरवून "मस्त चालतीय" म्हणून सांगेल. दांडा जड जात असेल तर त्यावर बसेल असा पाइप करून घ्या, तरफ लांबली की जोर कमी लागतो.

एकाच लिव्हरवर ब्रेक आणि रेस असल्यामुळं दोन्ही एकदम देता येत नाहीत. दगडावरून हलकेच उतरताना डाव्या पायानं ब्रेक धरून उजव्यानं रेस देतात, ते तंत्र भावाला विसरावं लागेल. त्याची बरीच भरपाई हिल होल्ड आणि हिल डिसेंट (उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारी सोय) करतात. हिल होल्ड ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरतो, तेवढ्यात हात ब्रेकवरून रेसवर येतो. तुमच्या व्हेरिएंटमध्ये ते आहेत का, बघून घ्या. जी जागा त्यांच्या मदतीनंही होत नाही ती सोडून द्यायची, दुसरी वाट असते.

चढावर इंजिन बंद पडलं तर काय, हे आधी घरच्या उतारावर शिकून घ्या. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (इंजिन चालू असताना ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते, नंतर पेडल दगडासारखं होतं आणि हातात पायाइतका जोर नसतो. म्हणून एकदाच ढकलायचं, धरून ठेवायचं, हँडब्रेक, पी, मग इंजिन. पंप करायचा नाही.

स्टेअरिंगला गोल मूठ लागेलच, एका हातानं पूर्ण वळवायला. काढता येणारी घ्या. चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि मुठीवरचा अंगठा त्यात सापडतो. मूठ तळहातात धरायची, अंगठा बाहेर. हॉर्नचं बटण लिव्हरवर घ्या, घाटात लागतं.

पेडलवर पत्र्याचं झाकण पाहिजेच, म्हणजे पाय अचानक ताठ झाला तर तो ब्रेक किंवा रेसवर जाणार नाही. घोट्याला मऊ पट्टा, पायात जाड बंद बूट. फ्लोअर गरम होतो, पायाला ते कळत नाही, फोड मात्र येतो. आणि किटचे सगळे नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारून ठेवा. फिरून आलं की मोबाइलच्या उजेडात रेघा जुळतात का बघायचं. या खडखडाटात साधे नट सैल होतातच.

चढ-उताराचं आता. थारचं दार मोठं आहे, हा फायदा. सीट उंच आहे, हा तोटा. ट्रान्सफर बोर्ड (व्हीलचेअरवरून सीटवर सरकायची फळी) इतक्या उंचीला पुरत नाही. मी साइड स्टेपच्या जागी चेसिसला बोल्ट केलेली घडीची फळी करून घेतली: व्हीलचेअरवरून फळीवर, फळीवरून सीटवर. फॅब्रिकेटरला माणसाचं पूर्ण वजन एका टोकावर पडणार हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो पायरीच्या हिशोबानं बनवतो. लिफ्ट किट आणि मोठे टायर यांचा मोह सोडा. प्रत्येक इंच भावाच्या खांद्यांनी चढायचा आहे, आणि आता चालायचे पायही तेच खांदे आहेत. त्यापेक्षा कच्च्या वाटेवर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, पकड वाढते आणि आदळे कमी होतात. परतताना भरायला कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तितकी वाईट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली मनमानी बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावलं. पण २०१९ च्याच दुरुस्तीनं कलम ५२(२) मध्ये अपंग व्यक्तीसाठी गाडी 'अडॅप्टेड व्हेइकल' करायला परवानगी दिली, तीही बदल केल्यानंतर आरटीओची मंजुरी घेऊन. ही सवलत हॅन्ड कंट्रोलसारख्या बदलांना आहे, मोठ्या टायरना नाही. किट एआरएआयकडून (वाहनं आणि त्यांचे भाग तपासणारी पुण्याची संस्था) तपासलेलं असेल तर निरीक्षकासमोर वाद कमी होतो. आरसीवर नोंद, लायसन्सवर अडॅप्टेड व्हेइकलचा वर्ग, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, ही तिन्ही कामं डोंगराच्या आधी. विम्यात अशा गाड्यांना ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर सवलतीची तरतूद आहे (पॉलिसीतलं कलम आयएमटी १२), एजंट आपण होऊन सांगत नाही, विचारा.

एकट्यानं जायचं नाही. दुसरी गाडी आणि शेजारी एक चालता माणूस, यात तडजोड नाही. टो हुकला शॅकल (जोडायची लोखंडी कडी) आणि ओढायचा पट्टा निघतानाच लावून ठेवा, चिखलात रुतल्यावर भाऊ खाली उतरून लावू शकणार नाही. बेल्ट कापायची सुरी हाताला येईल अशी बांधून ठेवा. पाण्यातून थार जाते म्हणून कंपनीचा वेडिंग डेप्थचा (किती खोल पाण्यातून गाडी जाते त्याचा) आकडा सांगू नका. गाडी बंद पडून पाणी आत आलं तर पट्ट्यांत बांधलेला माणूस बाहेर कसा येणार? मी चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर माघारी फिरतो, मित्र हसले तरी.

हे सगळं करण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून हातांची ताकद आणि बसण्याचा तोल तपासून घ्या. मुंबईला हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथं विचारता येईल. मग महिनाभर मोकळ्या मैदानात, मग साधी कच्ची वाट. पुढं ट्रॅकवर शिकायचं असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड अकादमी आहे, जाण्याआधी फोन करून हॅन्ड कंट्रोलबद्दल स्पष्ट बोला.

भावाची इजा कुठल्या पातळीची आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही, ते खाली कळवा. टी-६ च्या वर असेल तर धडाचा तोल आणखी कमी असतो, शिवाय इजेच्या खाली नीट घाम येत नाही, त्यामुळं उन्हात अंग तापत जातं आणि एसी बंद पडणं हीच मोठी अडचण ठरते. तसं असेल तर सीटचा पट्टा आणि किट दोन्हींबद्दल मी वेगळं सांगेन.