वाचकांचे प्रश्न: मुक्त विद्यापीठाचे संशोधन कुठे शोधायचे, कसे वापरायचे?

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतले संशोधन शोधण्याबद्दल आणि वापरण्याबद्दल वाचकांचे काही प्रश्न आमच्याकडे आले आहेत. हे विद्यापीठ 1969 साली शाही सनदेने स्थापन झाले आणि 1971 पासून शिकवू लागले. सुरुवातीला टपाल आणि बीबीसीच्या कार्यक्रमांतून शिक्षण पोचायचे, आता ते बहुतांशी ऑनलाइन चालते.

प्रश्न: विद्यार्थी घरी बसून शिकतात, तर तिथे विज्ञानाचे संशोधन होते तरी कुठे?

उत्तर: विद्यार्थी घरी असतात, पण प्राध्यापक, संशोधक आणि प्रयोगशाळा मिल्टन कीन्स इथल्या वॉल्टन हॉल आवारात आहेत. शनीच्या टायटन या चंद्रावर 14 जानेवारी 2005 रोजी ह्युजेन्स यान उतरले, तेव्हा पृष्ठभागाला सर्वांत आधी टेकली ती याच विद्यापीठातील गटाच्या उपकरणसंचाची लहानशी दांडी. जमीन किती टणक आहे हे त्या धक्क्यावरून मोजले गेले. धूमकेतूकडे गेलेल्या रोझेटा मोहिमेच्या फिले यानावरचे टॉलेमी हे उपकरणही इथल्याच गटाने रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेबरोबर घडवले. 12 नोव्हेंबर 2014 रोजी फिले धूमकेतूवर आदळून उसळले. त्या पहिल्या स्पर्शानंतर टॉलेमीने हुंगलेल्या वायूंचे विश्लेषण 2015 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. शिवाय तेनेरीफ बेटावरच्या तेइदे वेधशाळेत या विद्यापीठाच्या दुर्बिणी आहेत. इंटरनेटवरून चालणाऱ्या या दुर्बिणी विद्यार्थी आणि संशोधक दोघेही वापरतात. दूरशिक्षणाचे तंत्र संशोधनाच्या कामी आल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिक्षक-प्रशिक्षणावरचे या विद्यापीठाचे निबंध हवे आहेत. गूगलवर शोधले की प्रकाशकाच्या पानावर पैसे मागतात. फुकट वाचायचा मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि तो कायदेशीर आहे. विद्यापीठाचे स्वतःचे भांडार, म्हणजे संशोधनाचा ऑनलाइन संग्रह, आहे. त्याचे नाव ओपन रिसर्च ऑनलाइन, बोलताना ‘ओरो’. तिथे खगोलशास्त्र, संगीत, कायदा, शिक्षणशास्त्र, संगणक अशा सगळ्या शाखांचे निबंध, परिषदांतले लेख, पुस्तकांतली प्रकरणे आणि पीएच.डी.चे प्रबंध एकत्र मिळतात.

आधी लेखकाच्या नावाने नव्हे, विषयाच्या शब्दांनी शोधा. दोन-तीन शब्दांचा नेमका समूह अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर सुटे शब्द जुळणाऱ्या शेकडो नोंदी समोर येतात. स्पेलिंग ब्रिटिश ठेवून एकदा आणि अमेरिकन ठेवून एकदा असे दोनदा शोधा. ‘बिहेविअर’ हा शब्द दोन्हीकडे वेगळा लिहितात आणि बरेच निबंध तेवढ्यानेच निसटतात. तुमच्या विषयासाठी ‘टेस इंडिया’ हे शब्द टाकाच. 2012 मध्ये सुरू झालेला शिक्षक-प्रशिक्षणाचा हा उपक्रम या विद्यापीठाने आसाम, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांत राबवला. महाराष्ट्र त्यात नव्हता, तरी वर्गातल्या अडचणी आपल्या ओळखीच्या वाटतील.

नोंद सापडली तरी पीडीएफ असेलच असे नाही. भांडारात दोन प्रकारच्या नोंदी असतात: काहींसोबत पूर्ण निबंध असतो, काहींत केवळ शीर्षक, सारांश आणि प्रकाशकाचा दुवा. पीडीएफ ठेवलेली असूनही उघडत नसेल तर बहुधा एम्बार्गो असतो, म्हणजे प्रकाशकाने घातलेली मुदतबंदी. 2021 च्या ब्रिटिश संशोधन-मूल्यमापनात ही मुदत विज्ञानशाखांना जास्तीत जास्त 12 महिने आणि सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांना 24 महिने होती. मुदत संपण्याची तारीख दिलेली असेल तर वहीत लिहून ठेवा. तोवर थांबणे शक्य नसेल तर लेखकाला दोन ओळींचे पत्र पाठवा: निबंधाचे शीर्षक, तुम्ही कोण आणि कशासाठी हवा. लेखक बहुधा आनंदाने प्रत पाठवतात.

इथे नाही मिळाले तर ‘कोअर’वर जा. जगभरातल्या विद्यापीठांच्या भांडारांतले खुले निबंध एकत्र शोधून देणारी ही सेवा याच विद्यापीठातल्या नॉलेज मीडिया इन्स्टिट्यूटमध्ये 2011 पासून चालते. सहलेखक दुसऱ्या विद्यापीठातला असेल तर त्याच निबंधाची खुली प्रत अनेकदा त्या विद्यापीठाच्या भांडारात असते, आणि कोअर ती दाखवते. जुन्या ब्रिटिश प्रबंधांसाठी मात्र ब्रिटिश लायब्ररीच्या ‘इथॉस’ या प्रबंध-सूचीच्या दुव्यांवर विसंबू नका. ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यात ती सेवा बंद पडली. प्रबंध थेट ज्या त्या विद्यापीठाच्या भांडारात शोधावा.

आणखी एक अडचण जुन्या प्रबंधांची. ते कागदावरून स्कॅन केलेले असतात. पीडीएफमध्ये शब्द शोधूनही काही सापडत नसेल तर पानांची नुसती चित्रे असण्याची शक्यता आहे. अनुक्रमणिका वाचून हवे ते प्रकरण गाठा, किंवा फाइल ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढा.

प्रश्न: भांडारातल्या प्रतीची आणि नियतकालिकातल्या निबंधाची पाने जुळत नाहीत. मार्गदर्शकांनी संदर्भ चुकीचा ठरवला. कोणती प्रत खरी?

उत्तर: दोन्ही खऱ्या, पण एकच नव्हेत. भांडारात बहुधा ‘स्वीकृत हस्तलिखित’ असते: समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त झालेला, पण प्रकाशकाने मांडणी न केलेला मजकूर. मजकूर सहसा तोच असतो, पानांचे क्रमांक मात्र वेगळे. त्यात ओरोच्या पीडीएफला पुढे एक आवरणपान जोडलेले असते, त्यामुळे स्क्रीनवरचा पानक्रमांक एकाने पुढे सरकतो.

ते आवरणपान मात्र टाकून देऊ नका. संदर्भ कसा द्यायचा, प्रत कोणत्या टप्प्यावरची आहे, परवाना कोणता आणि छापील निबंधाचा डीओआय (ऑनलाइन कायम ओळखक्रमांक) काय, हे तिथेच लिहिलेले असते. संदर्भसूचीत छापील निबंधाचा तपशील आणि डीओआय द्या. अवतरण देताना पानाऐवजी उपविभागाचे नाव लिहा आणि स्वीकृत हस्तलिखित वापरल्याचे कंसात नमूद करा. आकडे किंवा तक्ता उचलणार असाल तर छापील प्रत एकदा कुठल्यातरी ग्रंथालयातून बघून घ्याच, कारण मुद्रितशोधनात आकडे बदललेले असू शकतात.

प्रबंधाला छापील जुळी प्रत नसते. त्याचा डीओआय 10.21954 ने सुरू होतो, तोच द्यावा.

प्रश्न: असा निबंध मराठीत अनुवाद करून आमच्या शिक्षक-मासिकात छापता येईल का? फुकट वाचायला मिळतो म्हणजे परवानगी आहेच ना?

उत्तर: नाही. वाचायला खुला असणे आणि अनुवाद छापायला मोकळा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात.

परवाना बघा. ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) असेल तर अनुवाद छापता येतो. मूळ लेखक, शीर्षक, दुवा, परवान्याचे नाव आणि ‘हा अनुवाद आहे’ हे सर्व लिहिले म्हणजे झाले. त्यापुढे ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नको. वर्गणी आणि जाहिराती घेणाऱ्या मासिकाने अशा वेळी लेखी परवानगीच घ्यावी. ‘एनडी’ (रूपांतर नको) असेल तर अनुवाद छापता येत नाही, कारण अनुवाद हे मूळ कृतीचे रूपांतर धरले जाते. ‘एसए’ असेल तर तुमचा अनुवादही त्याच परवान्याखाली सोडावा लागतो. टेस इंडियाचे शिक्षकांसाठीचे पाठ ‘बाय-एसए’ परवान्यात आहेत. गणित, विज्ञान, भाषा यांच्या या पाठांचे मराठी रूप करून इतर शिक्षकांना मोकळे देता येईल. हे काम कुणीतरी हाती घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

परवानाच लिहिलेला नसेल तर हक्क राखीव आहेत असे समजा. मग परवानगी एकट्या लेखकाची पुरत नाही, कारण हक्क बहुधा प्रकाशकाकडे गेलेला असतो. निबंधातली चित्रे आणि नकाशे दुसऱ्याकडून घेतलेले असतील तर निबंधाचा परवाना त्यांना लागू होत नाही. चित्राखालची ओळ वाचा. हे सगळे टाळायचे असेल तर निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहा आणि संदर्भ द्या. त्याला परवानगी लागत नाही.

प्रश्न: भांडारातल्या नोंदी मोजून विद्यापीठांची तुलना करता येईल का?

उत्तर: करू नये. संगणकशास्त्रात परिषदेतला लेख हेच मुख्य प्रकाशन असते, इतिहासात पाच-सहा वर्षांच्या कष्टाचे एक पुस्तक. भांडारात दोन्हींची नोंद एकेकच. शिवाय काही भांडारांत प्राध्यापकांनी आधीच्या नोकरीत लिहिलेले निबंधही येतात.

प्रश्न: दूरशिक्षणाच्या विद्यापीठात एवढे संशोधन होते, मग भारतात ऑनलाइन पीएच.डी. चालेल का?

उत्तर: नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि किमान 12 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. प्रवेशशुल्क भरण्याआधी ‘पद्धत कोणती?’ याचे उत्तर विद्यापीठाकडून लेखी घ्या.