नाव मुलीचे, कारण घरातले

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की मुलीसाठी तुमच्या मनात कोणते नाव आहे, आणि ते तुम्हाला का आवडते. आलेल्या पत्रांत नावांपेक्षा त्यांमागच्या कारणांनीच अधिक जागा व्यापली होती, याचा मला फार आनंद झाला. काही पत्रांत मात्र प्रश्न होते, आणि त्यांपैकी जे अनेकांच्या घरात या ना त्या रूपाने उभे राहतात, त्यांना येथे उत्तर देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

*प्रश्न : आम्ही नाशिकचे. मुलगी झाली तर तिचे नाव गोदावरी ठेवावे, अशी माझी इच्छा आहे. माझ्या पणजीचे हे नाव होते आणि माझे सारे बालपण या नदीच्या काठावर गेले. सासरी सर्वांना हे नाव फार जुने वाटते. शाळेत मुले चिडवतील, असे नणंदेचे म्हणणे आहे. मी हट्ट सोडावा का?*

तुम्ही याला हट्ट म्हणता, पण तुमच्याजवळ दोन भक्कम कारणे आहेत. अशी कारणे ज्या नावामागे असतात, ते नाव मला सहसा सोडवत नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड अशी गावे मागे टाकत सुमारे 1,465 किलोमीटर वाहणारी ही नदी ज्यांच्या घराजवळून जाते, त्यांनी लेकीला तिचे नाव द्यावे, यात जुनेपणा कसला? आपल्याकडे कृष्णा, वेण्णा, इंद्रायणी, चंद्रभागा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या मुलींना दिली गेली, कारण नदी ही त्या मुलुखाची ओळख होती. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचेही नाव हेच होते, आणि ज्या स्त्रीने त्या काळी जंगलपट्टीतील पाडे पायी पालथे घातले, तिचे नाव जुनाट म्हणून बाजूला ठेवावे, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या घरी अवश्य सांगा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या बाया कर्वे माहेरी गोदूबाई होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदी झाले. आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी जन्माने यमुना होत्या, आणि रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. लग्नाच्या दिवशी ताटातील तांदळात नवे नाव लिहिले जाई आणि आईवडिलांनी ज्या मायेने पहिले नाव ठेवले असेल, ते माहेरच्या उंबऱ्याशी राही. कित्येक गोदावऱ्या आणि यमुना अशा मध्येच थांबल्या. तुमच्या पणजीला हे नाव आयुष्यभर वापरता आले की तेही माहेरीच राहिले, हे घरातील थोरांना विचारून पाहा. ते माहेरीच राहिले असेल, तर तुमच्या निवडीला एक तिसरे कारणही मिळेल.

चिडवण्याचे म्हणाल, तर मुले कोणत्याही नावावरून चिडवतात. घरात तिला गोदा म्हणून हाक मारता येईल; हे हाकेचे रूप लहान, गोड आणि आजच्या कानालाही रुचणारे आहे. सासरच्यांशी बोलताना ‘मला हे नाव आवडते’ एवढेच सांगून थांबू नका. पणजीविषयी जे जे आठवते ते सविस्तर सांगा, त्यांना एकदा घाटावर घेऊन जा. कारण समजले की विरोध पुष्कळदा मऊ होतो, असे या पत्रव्यवहारातून मी वारंवार पाहिले आहे.

*प्रश्न : नातीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला. गुरुजींनी ‘ण’ हे अक्षर काढून दिले. ‘ण’ने सुरू होणारे नाव कोठून आणायचे? सून म्हणते की अक्षराचा विचारच करू नये, तिला ‘मुक्ता’ हे नाव ठेवायचे आहे. माझे मन मानत नाही. (एक आजी, सोलापूर)*

आजी, तुमची अडचण केवळ तुमची नाही. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी 108 अक्षरांची ही मांडणी अवकहडा चक्रात दिलेली असते. हस्ताला पू, ष, ण, ठ ही अक्षरे येतात, आणि यांपैकी पहिल्यावर पूर्वा, पूजा अशी नावे सहज सुचत असली, तरी पुढच्या तिघांवर मराठीत नाव सापडणे कठीणच आहे. म्हणूनच आपल्याकडे फार पूर्वीपासून नावरसाचे नाव वेगळे आणि व्यवहारातले नाव वेगळे, अशी सोय आहे. पत्रिकेत नक्षत्रनाव लिहावे आणि पाळण्यात आत्याने बाळाच्या कानात जे सांगायचे ते घरच्यांच्या आवडीचे असावे, यात परंपरेला कोठेही बाध येत नाही. तुम्ही पत्रिकेचे नाव गुरुजींकडून ठरवून घ्या आणि बारशाचे नाव सुनेला ठरवू द्या.

आणि तिने निवडलेल्या नावाविषयी मला थोडे अधिक बोलू द्या, कारण माझ्या स्वतःच्या आवडत्या नावांत ते पहिले आहे. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना दार उघडायला लावणारी धाकटी बहीण ही मुक्ता. वयाने लहान, पण थोरल्या भावाला समजावण्याचा अधिकार जिने प्रेमाने आणि ज्ञानाने मिळवला, अशी. दुसरी मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने मांग आणि महार समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाने छापला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती, आणि धर्माच्या नावाखाली आपल्या माणसांना ज्ञानापासून दूर ठेवणाऱ्यांना तिने त्यात थेट प्रश्न विचारले. या दोघींमध्ये साडेपाच शतकांहून अधिक अंतर आहे, आणि तरीही दोघींच्या बोलण्यात सारखेच निर्भय आर्जव आहे. माझ्या घरात मुलगी जन्मली असती तर मी हेच नाव ठेवले असते. तुमच्या सुनेला हे नाव का आवडले, ते तिला एकदा शांतपणे विचारा. मला वाटते, तुमचे मन तिचे उत्तर ऐकून मानेल.

*प्रश्न : माझे नाव नकुसा आहे. मी चौथी मुलगी. मी सातव्या महिन्याची गरोदर आहे आणि मुलगी व्हावी असे आम्हा दोघांनाही वाटते. तिचे नाव ईप्सिता, म्हणजे ‘हवी असलेली’, असे ठेवायचे ठरवले आहे. पण आता मुलांच्या नावापुढे आईचे नाव लागते, म्हणजे तिच्या प्रत्येक कागदावर माझे नाव येणार. मी नाव बदलून घ्यावे का? आणि दुसरे, माझ्या नावाचे दुःख मी तिच्या नावात भरते आहे, असे तर होत नाही ना?*

ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिला नकुसा किंवा नकुशी म्हणण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात किती खोल रुजली होती, हे ऑक्टोबर 2011 मध्ये साऱ्या देशासमोर आले. सातारा जिल्हा परिषदेने तेव्हा एका कार्यक्रमात अशा 285 मुलींना नवी नावे दिली. ती नावे मुलींनी स्वतः निवडली. कोणी देवीचे घेतले, कोणी आवडत्या नटीचे. त्या कार्यक्रमातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, की निवड त्यांची होती. पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत, तेथे धोंडो, दगडू, धोंडाबाई अशी नावे ठेवत, म्हणजे दगडाकडे दृष्ट लागणार नाही, एवढीच त्यामागची आशा असे. ती नावे कानाला कठोर असली, तरी मूल वाचावे ही तळमळ त्यांत असे. नकुसा या नावात ती नाही, आणि म्हणून ते बदलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी कोणाला कारण देण्याची गरज नाही.

आता व्यवहाराचे. राज्य सरकारच्या 2024 च्या निर्णयानुसार, 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. हा निर्णय मला मनापासून पटतो, कारण नऊ महिने पोटात वाढवणारीचे नाव कागदावर नसणे हा अन्याय होता. तुम्हाला नाव बदलायचे असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, आणि मग त्या राजपत्राच्या आधारे आधार कार्ड, बँक खाते, रेशन कार्ड यांवर बदल करता येतो. प्रसूतीपूर्वी हे झाल्यास रुग्णालयाच्या नोंदीत आणि बाळाच्या जन्मदाखल्यात नवे नावच जाईल, त्यामुळे लगेच अर्ज करणे सोयीचे. वेळ कमी पडला, तर मनाला लावून घेऊ नका. दाखल्यातील आईच्या नावाची दुरुस्ती नंतरही मागता येते, फक्त तिला कागदपत्रे अधिक लागतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुम्ही तिला तुमच्या दुःखाचे नाव देत नाही, तर ती हवी होती हे तिला कायमचे सांगून ठेवता आहात. पंडिता रमाबाई आणि बिपीनबिहारी मेधावी या दोघांनाही मुलगीच हवी होती, आणि 1881 मध्ये ती झाली तेव्हा त्यांनी तिचे नाव मनोरमा ठेवले. ही हकीकत डॉ. रेचल बॉडली यांनी लिहून ठेवली आहे; आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात जेथे शिकल्या, त्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या डीन होत्या. मुलीच्या जन्माने घरे काळवंडण्याच्या त्या काळात या आईबापांनी जे केले, तेच तुम्ही करत आहात. एवढे मात्र करा, की ईप्सिता मोठी झाल्यावर तिला तिच्या नावाची गोष्ट सांगताना आधी तुमच्या दोघांच्या आनंदाची गोष्ट सांगा, आणि तुमच्या जुन्या नावाची गोष्ट ती समजण्याइतकी मोठी होईपर्यंत थांबा.

*प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. मुलीचे नाव मराठी असावे आणि इथल्यांनाही ते नीट उच्चारता यावे, असे वाटते. शिवाय आई ‘ज्ञानदा’ म्हणते, तर पती ‘तारा’.*

दोन्ही नावे सुंदर आहेत, पण तुमची अट लक्षात घेता मी तुमच्या पतींच्या बाजूने आहे. ज्ञ, क्ष, ळ, ण हे वर्ण आणि घ, ध, भ यांसारखे महाप्राण तिकडच्या जिभेला अवघड जातात, आणि आपलेच नाव रोज दुरुस्त करत बसणे लहान मुलीला कष्टाचे होते. तारा, उमा, रमा, मीरा, रेवा ही नावे सहज बोलता येतात आणि पूर्णपणे आपली आहेत. त्यातही तारा या नावामागे मोठी मंडळी उभी आहेत : औरंगजेबाच्या फौजांशी झुंज देऊन मराठ्यांचे राज्य राखणाऱ्या महाराणी ताराबाई, 1882 मध्ये स्त्री-पुरुषांना लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या मापांचा परखड समाचार घेणाऱ्या ताराबाई शिंदे, आणि कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण नेणाऱ्या ताराबाई मोडक. आईंना ही नावे सांगून पाहा. ज्ञानदा हे नाव घरात हाक मारण्यासाठी राखून ठेवता येईल, म्हणजे आजीचाही मान राहील.

*प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची झाली. बारसे थाटात झाले, पण जन्मदाखल्यावर अजून नावच नाही. उशीर झाला का?*

नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि ती तुमची झालेली दिसते. नाव नसलेल्या नोंदीत बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. जन्म जेथे झाला, त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे किंवा शहर असल्यास नगरपालिकेच्या अथवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे आईवडिलांनी लेखी अर्ज करावा. अर्जात नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिप्यांत स्वतःच्या हाताने स्वच्छ लिहा, ऱ्हस्व-दीर्घ तपासा, आणि दाखला हाती पडल्यावर तेथेच उभे राहून वाचून घ्या. एका वेलांटीसाठी पुढे शाळेच्या आणि पारपत्राच्या वेळी पुष्कळ हेलपाटे पडतात.