पंप सोडून झाडपाल्यावर येता येईल का?

ग्रामीण रुग्णालयात माझं टेबल औषधखिडकीच्या बाजूला आहे. पुडकं हातात घेतलेली माणसं थेट बाहेर न जाता माझ्यापाशी घुटमळतात आणि जे डॉक्टरांना विचारायचं राहिलं ते हळूच विचारतात. दम्याच्या बाबतीत तो प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, पंपाचा, म्हणजे श्वासातून औषध ओढायच्या इनहेलरचा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका आजीनं तो विचारला. एकोणीस वर्षांच्या नातीला महिन्यात दुसऱ्यांदा नेब्युलायझरची वाफ द्यावी लागली होती.

"मॅडम, हा पंप एकडाव लागला का जलमभर सुटत नाई म्हंतेत. त्यात स्टिरॉइड असते. त्यापरीस आपलं झाडपाल्याचं बरं नाई का?"

नात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. राहणं कापसाच्या पट्ट्यातलं, हिंगणघाटकडच्या एका गावचं. ओळख पटू नये म्हणून बाकीचे काही तपशील बदलले आहेत.

मी लगेच उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि तिथंच चुकले. श्वासनलिका आतून सुजते, तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो, तातडीचा पंप स्नायू सैल करतो, रोजचा पंप सूज उतरवतो. सगळं खरं होतं. आजीनं मान डोलावली, पदर सावरला आणि उठायला लागली. एवढ्या वर्षांत मला ती मान डोलावणं ओळखता येतं. माणूस पटलं म्हणून मान हलवत नसतो, बाई बोलायची थांबावी म्हणून हलवत असतो. मग मी म्हटलं, "आजी, पंप राहू द्या बाजूला. हिच्यासाठी आजवर काय काय केलं ते सांगा."

आजी परत बसली. अडुळशाचा काढा, हळद टाकून दूध, आलं-मध, तीन वर्षं कोजागिरीला खिरीतून मिळणारं औषध आणि रात्रभराचं जागरण, एकदा मृगात हैदराबादला जाऊन मरळ मासा गिळून आलेली. आणि पिशवीच्या तळातून निघाल्या कागदी पुड्या, आत तपकिरी भुकटी. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडच्या. कागदावर नाव नाही, काय घातलं आहे ते नाही, तारीख नाही.

"या पुडीनं दोन दिवसात मोकयं वाटते हिले. निवळ जडीबुटी हाय."

पुडी किती दिवसांपासून घेते आहे, हे मी विचारलं. गेल्या पावसाळ्यापासून, म्हणजे वर्ष उलटून गेलेलं. नातीकडे नीट पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झालेला दिसला, गालांवर लाली, हातपाय मात्र काडीसारखे. आजी कौतुकानं म्हणाली, "अंग धरलं पोट्टीनं." मी दोघींना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेले.

पुडीतली भुकटी तपासायची सोय आमच्याकडे नाही. पण मुलीच्या शरीरानं जे सांगायचं ते सांगितलं होतं. रक्तदाब वाढलेला, उपाशीपोटी साखर वाढलेली, पोटावर जांभळट पट्टे. सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वर्ध्याला पाठवून तपासलं, ते फारच कमी निघालं. कॉर्टिसॉल म्हणजे आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज तयार करतात ते शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की त्या ग्रंथी काम सोडतात. जडीबुटीच्या नावानं स्टिरॉइडची गोळी कुटून विकण्याचे प्रकार आपल्याकडे होतात, आणि "दोन दिवसात मोकयं" ही त्याची खूण असू शकते.

म्हणजे आजी ज्या स्टिरॉइडच्या भीतीनं पंप बंद करत होती, तेच बहुधा रोज पोटातून जात होतं, आणि तेही न मोजता.

हिशेब मी आजीला मिठाच्या भाषेत सांगितला. रोजच्या पंपातलं बुडेसोनाइड हे स्टिरॉइड दिवसाला साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची एक साधी गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची, आणि एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद वेगवेगळी, त्यामुळे निव्वळ वजनावर तुलना पुरी होत नाही. पण पंपातलं औषध जिथं सूज आहे तिथंच पडतं, रक्तात थोडंच जातं. गोळीतलं आधी सगळ्या अंगभर फिरतं आणि मग फुप्फुसात पोचतं. "भाजी अळणी लागली म्हणून आपण भाजीत चिमूटभर मीठ टाकतो, विहिरीत पोतं ओतत नाही," असं मी म्हटलं. आजी पहिल्यांदा हसली.

पंपातल्या स्टिरॉइडचा काहीच त्रास नाही, असं मात्र मी कधी सांगत नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायची. लहान मुलांत वर्षानुवर्षं घेतल्यास मोठेपणीची उंची सुमारे एक सेंटिमीटरनं कमी राहू शकते. आईबापांना हे सांगितलं की ते घाबरतात, हे मला माहीत आहे. तरी सांगते. लपवलेली गोष्ट त्यांना उद्या बाजारात कोणीतरी दहापट करून सांगणारच असतो.

पुडी त्याच दिवशी फेकून द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. ग्रंथी झोपलेल्या असताना स्टिरॉइड एकाएकी तोडलं तर माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. तिला मोजलेल्या गोळ्या सुरू केल्या, पुड्या त्यानंतर थांबवल्या, आणि पुढचे काही महिने रक्त तपासत तो डोस हळूहळू उतरवत नेला. अशी नावागावाची नसलेली पुडी तुमच्याही घरात चालू असेल, तर ती घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. मनानं बंद करू नका.

आजी पाण्याची बाटली भरायला गेली तेवढ्यात नात बोलली. तोवर तिनं एक शब्द उच्चारला नव्हता.

"ताई, आजीले सांगू नका. मी कॉलेजात दोन-तीनदा पंप घेतो. निळा. मैत्रिणीच्या बॅगेत ठेवतो."

रोजचा पंप घरात कुलपात, आणि तातडीचा निळा पंप चोरून. हा दम्यातला सगळ्यात वाईट सौदा आहे. निळ्या पंपातलं सालब्युटामोल काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं, चार ते सहा तास टिकतं, पण सुजेला हात लावत नाही. बरं वाटतं आणि सूज आतल्या आत वाढत जाते. दम्याच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शिकेनं २०१९ सालीच सांगितलं आहे की किशोरवयीनांना आणि मोठ्यांना नुसत्या अशा पंपावर ठेवू नये. तिचं गुपित मी आजीला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगण्याची परवानगी मात्र तिच्याकडून घेतली.

पंप घेऊन दाखव म्हटलं तर तिनं आधी दाबला, मग श्वास ओढला. औषध सगळं जिभेवर. कोणी शिकवलंच नव्हतं. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे धरायची पोकळ नळी, त्या दिवशी शिल्लक नव्हता, म्हणून पाण्याच्या अर्धा लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून तिचा स्पेसर केला. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली लहान मुलांवर हा बाटलीचा स्पेसर तपासला गेला आणि तो विकतच्याइतकाच उपयोगी ठरला. पंपही असाच एका साध्या प्रश्नातून आलेला आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत दम्याच्या तेरा वर्षांच्या एका मुलीनं औषध कंपनीत असलेल्या वडिलांना विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यातून का येत नाही? पुढच्याच वर्षी पहिला पंप बाजारात आला. हे ऐकून नातीनं बाटली जरा आपुलकीनं हातात धरली.

आजी परतली तेव्हा मी अडुळशाकडे वळले, कारण तिचा मान तिथं होता. अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि खोकल्याच्या औषधातलं कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच बेतलेलं आहे. आजीला आणखी आठवलं, "आमचा बुढा धोतऱ्याचे पानं चिलमीत टाकून ओढे." तेही खरंच होतं. धोतरा नळ्या सैल करतो, आणि त्यातल्या अॅट्रोपिनवरून घडवलेलं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमध्ये वापरतात. फरक असा की पानात अॅट्रोपिन किती हे पानाला ठाऊक नसतं. त्याच धोतऱ्यानं माणसं भ्रमिष्ट होतात, मरतातही.

"मंग हे औषधी त बहिणी-बहिणीच झाल्या," आजी म्हणाली.

झाडपाला की केमिकल, असा वाद मी म्हणूनच घालत नाही. कुठलंही औषध समोर आलं की मी तीनच गोष्टी विचारते: यात काय आहे, किती आहे, आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण? काढ्याला या प्रश्नांचं उत्तर असतं, कारण तो तुमच्या डोळ्यांसमोर उकळतो. शिकलेल्या वैद्यानं लिहून दिलेल्या औषधालाही असतं. पुडीला नसतं. काढा चालू ठेवा, असं मी आजीला सांगितलं. कोजागिरीची खीरही खाऊ द्या, पण खिरीतलं औषध काय ते कळल्याशिवाय नको, आणि त्या रात्री पंप चुकायला नको. दम्याचा स्वभाव चढ-उताराचा आहे. लोक जास्त त्रासाच्या दिवसांत उपाय करतात, आणि त्रास पुढे आपसूक उतरला तरी श्रेय उपायाला जातं.

प्राणायामाबद्दल नातीनंच विचारलं. सावकाश श्वास, अनुलोम-विलोम, भ्रामरी जरूर करावं. श्वासाच्या व्यायामानं घाबरेपणा कमी होतो, दिवस सुसह्य जातो. नळीची सूज मात्र त्यानं उतरत नाही. दम लागलेला असताना कपालभाती, भस्त्रिका करायला जाऊ नये.

खरं काम पुढच्या आठवड्यात झालं, आरोग्य स्वयंसेविका आशाताईंबरोबर मी आजी-नातीच्या घरी गेले तेव्हा. मधल्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस भरलेला. सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा, करून आणलेल्या पहिल्या वेच्यापासूनचा, भाव चढेल म्हणून राखलेला. आणि त्याच ढिगाला लागून नातीची खाट, कारण ती खोली सगळ्यात उबदार. कापसाची बारीक धूळ, वाळल्या पत्तीचा चुरा, ओलीवर धरलेली बुरशी हे सगळं ती रात्रभर ओढत होती. आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, तो धूर मागच्या दारानं घरात. संध्याकाळी डासांची कॉइल.

वडील म्हणाले, "भाव आल्याबिगर कापूस काढाचा नाई." त्यांना मी काय सांगणार? वर्षाची कमाई त्या खोलीत होती. कापूस राहिला, खाट हलली. नात समोरच्या खोलीत, मधलं दार बंद, कॉइलच्या जागी मच्छरदाणी, चूल आवारात भिंतीच्या पलीकडे. गाद्या-गोधड्या उन्हात घालायचं काम आजीनं स्वतःकडे घेतलं. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या नव्या बसवायच्या, जुन्या ओल्या ताट्यांत बुरशी असते, हेही तिनं लक्षात ठेवलं. बिनऔषधाचा, खरोखर नैसर्गिक उपचार मला विचाराल तर हा आहे, आणि तो पंपाच्या जोडीनं करायचा आहे.

पंपाची सवय लागते का, हा आजीचा मूळ प्रश्न उरलाच होता. लागत नाही. चष्मा काढला की धूसर दिसतं, ती चष्म्याची सवय नसते. सूज आटोक्यात राहिली की काही महिन्यांनी डॉक्टर डोस कमी करतात. काहींचा अगदी थोड्यावर येतो, काहींना वर्षानुवर्षं लागतो.

पण आजीच्या मनात सवयीपेक्षा दुसरंच होतं. ते तिनं अंगणात निरोप देताना सांगितलं. "पोट्टी पाहाले पाहुणे येतीन. पंप दिसला का उठून जातीन." यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी एवढंच विचारलं, की लग्नानंतर सासरी रात्री दम लागला आणि पंप लपवलेला असला, तर? आजी गप्प राहिली. दम्याच्या बाईचं बाळंतपण नीट होऊ शकतं, आणि दमा आटोक्यात नसणं हे गरोदरपणात रोजच्या पंपापेक्षा जास्त धोक्याचं असतं, हे मी नातीसमोरच सांगितलं, दोघींनी ऐकावं म्हणून.

निघताना आशाताईंनी दाराच्या मागं एक कागद चिकटवला. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, फासळ्यांमध्ये खड्डे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, निळ्या पंपाचा आराम टिकत नसेल, तर १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत मुलीला बसवून ठेवायचं, झोपवायचं नाही, आणि बाटलीतून निळा पंप एकेक करत चार ते दहा वेळा द्यायचा.

जोरात फुंकर मारून श्वासाचा वेग मोजायच्या मीटरवर ती पहिल्या दिवशी २१० ला अडकली होती. फेब्रुवारीत ३४० पर्यंत गेली. चेहरा ओसरायला मात्र वेळ लागतो आहे, आणि साखर अजून तपासत राहावी लागते. कापूस जानेवारीत विकला गेला, वडिलांच्या मनासारखा भाव मिळाला नाही.

मार्चमध्ये पाहुणे येऊन गेले. पंप फळीवर ठेवायचा की ट्रंकेत, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली, असं नात सांगत होती. शेवटी आजीनं तो स्वतःच्या कनवटीला खोचला आणि पाहुणे जाईपर्यंत नातीच्या शेजारी बसून राहिली.