आजीच्या रजेचा अर्ज

फोंडा तालुक्यातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून कामापुरतं देते.

'ताई, मी 65 वर्षांची. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला, साठाव्या वर्षी निवृत्त झाले. यजमान त्याआधीच गेले. मुलगा आणि सून दोघंही पणजीला सरकारी नोकरीत. नातू नऊ वर्षांचा, नात सहा वर्षांची. दुपारी बालरथ, म्हणजे शाळेची बस, दारात थांबते तेव्हापासून संध्याकाळी मुलगा-सून घरी येईपर्यंत दोघं माझ्याजवळ असतात. त्याचं मला ओझं नाही. पण शाळेतल्या जुन्या मैत्रिणी फेब्रुवारीत अकरा दिवस मेघालय आणि काझीरंगाला चालल्या आहेत. आयुष्यभर मी फळ्यावर चेरापुंजी आणि मॉसिनराम लिहिलं, पाहिलं कधी नाही. घरी विषय काढला तर मुलगा म्हणाला, "आई, मग मुलांचं काय? आपण मे महिन्यात सगळेच जाऊ की." सून काहीच बोलली नाही, पण तीन दिवस भांडी जरा जोरात वाजत होती. शेजारीण म्हणाली, "नातरां सोडून खंय भोंवता गो ह्या वयार?" नात विचारते, "आजी, तू परत येशील ना?" मी नसले की नातू धड जेवत नाही, बांगड्याचे काटेसुद्धा मीच काढून देते. पैसे भरायला पंधरा दिवस उरलेत. मी स्वार्थी आहे का?'

बाई,

आधी पैसे भरा, मग पुढचं वाचा.

स्वार्थी आहात का, या प्रश्नावर मी शाई घालवणार नाही. वर्षभर रोज दुपारी दोन मुलांना जेवू घालणाऱ्या बाईला अकरा दिवसांसाठी हा प्रश्न पडतो, यातच त्याचं उत्तर आलं. मला तुमच्या मुलाच्या प्रश्नात जास्त रस आहे. 'मुलांचं काय?' हे वाक्य तुम्हाला टोचलं, कारण तुम्ही ते 'तुला मुलांची माया नाही का?' असं ऐकलंत. त्याने ते तसं विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं.

आपल्याकडच्या शाळा सकाळी आठच्या आत भरतात आणि दुपारी दीडच्या सुमाराला सुटतात. कचेरी संध्याकाळी सुटते. वर पणजीहून फोंड्याला यायचं म्हणजे तीसेक किलोमीटर, त्यात जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, संध्याकाळची गर्दी. शाळेची घंटा आणि आई-बापाची गाडी दारात लागणं यांच्यामध्ये रोज पाच तासांचं खिंडार पडतं. गोव्यात ज्या ज्या घरात दोघं नोकरी करतात, तिथे ते कुणीतरी बुजवत असतं. कुठे पगारी बाई, कुठे शिकवणी, आणि बहुतेक ठिकाणी आजी. तुमच्याकडे ते तुम्ही बुजवलंत. ते काम कुणी मागितलं नाही आणि तुम्हीही कधी 'देते' असं म्हणाला नाहीत. यजमान गेल्यावर, निवृत्तीनंतर घर रिकामं वाटू नये म्हणून सुरुवात झाली असेल आणि बघता बघता त्याचं वेळापत्रक झालं. कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून त्यातून रजा कशी घ्यायची हेही कुणी ठरवलेलं नाही.

तर माया एका बाजूला ठेवा आणि दुपारची पाळी दुसऱ्या बाजूला. माया तुम्ही शिलाँगला गेल्यावरही चालू राहील. पाळी मात्र अकरा दिवस दुसऱ्या कुणाला तरी करावी लागेल. त्यातले मधले शनिवार-रविवार सोडले तर प्रश्न सात-आठ दुपारींचा उरतो. सात-आठ दुपारी, बाई. एवढ्यासाठी घरात भांडी वाजावीत?

तुम्ही शाळेत असताना रजेवर जायच्या आधी काय करत होता, ते आठवा. अर्ज द्यायचा, चार्ज द्यायचा, कुठल्या वर्गाचा कुठला धडा कुठवर आलाय ते लिहून ठेवायचं. बदली शिक्षिका शोधणं हे रजेवर जाणाऱ्या बाईचं काम कधीच नव्हतं. ते मुख्याध्यापकांचं. इथेही तसंच करा. कुणाला किती वाजता काय लागतं, नातीला कुठलं औषध चालत नाही, शिकवणीची रिक्षा कुठे थांबते, गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे, हे सगळं एका वहीत उतरवा. वही दोघांच्या हातात द्या आणि तारखा सांगा. पुढचं त्यांनी बघायचं. मुलाच्या खात्यावर अर्जित रजा असेल, सुनेच्या खात्यावरही असेल. दोघांनी दोन-तीन दिवस वाटून घेतले की निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्या दिवसांसाठी सुनेच्या आईला बोलवता येईल किंवा ओळखीची एखादी बाई पैसे देऊन ठेवता येईल. पण हे फोन तुम्ही करू नका. हात शिवशिवतील, मला माहीत आहे. आयुष्यभर शाळा चालवलेल्या बायकांना दुसऱ्याचा गोंधळ बघवत नाही. तरी करू नका. कारण तुम्ही माणूस शोधून दिलंत की त्यांच्या मनात 'आईने सोय केली' एवढंच राहील. स्वतः शोधलं तर त्यांना पहिल्यांदा कळेल की रोज कुणीतरी काय करत होतं.

आता मे महिन्याची गोष्ट. मुलगा चांगल्या मनाने म्हणाला असेल, पण भूगोलाच्या बाईला हे मी सांगायला नको होतं. मे महिन्यात खासी टेकड्यांवर मोसमी वाऱ्यांच्या आधीच पाऊस सुरू असतो. चेरापुंजीला एकट्या मेमध्ये हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आपल्याकडे वर्षाकाठी साधारण तीन हजार, म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाचा तिसरा हिस्सा तिथे एका महिन्यात. काझीरंगाही पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या बेताला आलेलं असतं. शिवाय कुटुंबाच्या सहलीत आजीच्या वाट्याला काय येतं, ते आपण दोघी जाणतो. हॉटेलच्या खोलीत नात झोपली म्हणून आजी मागे, गुडघे दुखतील म्हणून आजी खाली गाडीत, आणि फोटो काढताना आजी पिशव्यांजवळ. त्या सहलीलाही अवश्य जा, मुलांना तुमच्याबरोबर भटकायला मिळू दे. पण ती सहल वेगळी आणि ही वेगळी, हे मुलाला आत्ताच सांगा. नाहीतर मे आला की 'उन्हाळा फार आहे, दिवाळीत बघू' सुरू होईल.

सुनेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात ती एकटीच न बोलता हजर आहे. भांडी वाजली यावरून तुम्ही तिचा राग वाचलात. मला तिथे भीती दिसते. तुमच्या मुलाने 'मुलांचं काय' विचारलं आणि तो मोकळा झाला. तुम्ही गेल्यावर नातवाचा ताप, नातीचा हरवलेला कंपास, शाळेच्या ग्रुपवरचा रात्री दहा वाजता आलेला 'उद्या हिरवा कागद आणा' हा निरोप, हे सगळं कुणाकडे येणार आहे, ते तिला न सांगता कळलंय. मुलगा आहे, बाप आहे, तरी ते तिच्याकडेच येईल. तुम्ही घरात असता म्हणून तिला कचेरीत डोकं शांत ठेवून बसता येतं. तिच्या पगाराचा निम्मा भाग तुमच्या दुपारींवर उभा आहे आणि हे ती तुम्हाला कधी बोलून दाखवू शकलेली नाही. सासूचे आभार मानायचे तर कुठल्या तोंडाने, कुठल्या शब्दांत, हे आपल्या घरांत कुणी शिकवतच नाही.

म्हणून मुलाच्या आधी तिच्याशी बोला. दोघींनीच. मुलगा बाजारात गेलेला असेल तेव्हा, चहा करून. आणि विषय सहलीवरून सुरू करू नका. 'तू गेल्या वर्षभरात स्वतःसाठी एक दिवस तरी घेतलास का?' असं विचारा. उत्तर बहुतेक 'नाही' येईल. मग तिला सांगा की परत आल्यावर मार्च संपायच्या आत दोन दिवस तू मैत्रिणींबरोबर किंवा माहेरी जा, मुलांना मी आणि तुझा नवरा बघतो. हा सौदा नव्हे बरं का, तसं तिला वाटूही देऊ नका. पण घरात एका बाईने रजा घेतली की दुसरीला आपलीही रजा दिसते. तुमच्या जाण्यामुळे तिचं दार बंद होत नाही, उघडतं, एवढं तिला जाणवलं तर भांडी आपोआप शांत होतील. नाही झाली तर वाजू द्या. तीन दिवसांच्या आवाजाने कुणी बहिरं होत नाही.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूने नाही. नऊ वर्षांच्या पोराला बांगड्याचे काटे काढून देता? फोंड्यात? नातू तुम्ही नसताना धड जेवत नाही, हे वाक्य तुम्ही काळजीने लिहिलंत, पण मला त्यात थोडा अभिमानही वाटला. त्यात वाईट काही नाही, सगळ्या आज्यांना तो असतो. पण उद्यापासून त्याच्या ताटात अख्खा बांगडा ठेवा आणि समोर बसून बघत राहा. मधला काटा कसा ओढायचा ते एकदा दाखवा. आठवडाभरात शिकेल, आणि पाहुणे म्हणून कुठे जेवायला बसला तर चार लोकांत लाज जायची नाही.

फेब्रुवारीच्या आधी एक रंगीत तालीम करा. दोन रात्री कुठेतरी जा. नरसोबाची वाडी, कोल्हापूर, कुठेही, कदंब महामंडळाची बस आहे. पण शनिवार-रविवार गाठून नको, मंगळवार-बुधवारी जा. सुटीच्या दिवशी गेलात तर तुमची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही आणि तालीम फुकट. आणि तिथून दर दोन तासांनी फोन करून 'जेवला का' विचारू नका. एकदा संध्याकाळी, बस.

नातीचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे, कारण तिने खरंच प्रश्न विचारलाय. तिच्या आजोबांच्या जाण्याबद्दल तिने घरात ऐकलं असेल. गेलेलं माणूस परत येतं की नाही, एवढंच तिला हवंय. तिला 'हो, परत येणार' असं स्पष्ट सांगा आणि कॅलेंडरवर ती तारीख तिच्याच हाताने रंगवून घ्या. मग तिला भूगोल शिकवा. गोवा रेखावृत्त 74 च्या आसपास, शिलाँग 92 च्या जवळ. अठरा अंश, प्रत्येकी चार मिनिटं, झाला सव्वा तासाच्या जवळपास फरक, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. संध्याकाळी सहाला तिला व्हिडिओ कॉल करा. तिच्या अंगणात अजून ऊन असेल आणि तुमच्या मागे काळोख झालेला असेल. सहा वर्षांच्या मुलीला हे जादूसारखं वाटतं. वर्गात पृथ्वीगोल फिरवून तुम्हाला हे इतकं चांगलं कधी शिकवता आलं नसेल.

शेजारणीला काही उत्तर देऊ नका. आल्यावर आसामचा चहा द्या.

राहिलं सहलीचं. फेब्रुवारीत तुम्हाला चेरापुंजी कोरडं दिसेल, हे आधीच मनाशी धरा. नोहकालिकाईचा धबधबा तेव्हा बारीक असतो आणि जगात सर्वाधिक पावसाच्या त्या गावांत हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते. मुलांना तुम्ही हे शिकवलं असेल, आता तिथल्या बायकांच्या डोक्यावरची भांडी बघून या. झाडांची मुळं वळवून केलेले जिवंत पूल बघायचे तर मॉलिनाँगजवळ रिवाईचा पूल बघा, तिथे थोड्याच पायऱ्या आहेत. नाँगरियातच्या दुमजली पुलाला मैत्रिणी ओढतील, पण तिथे जायला तीन हजारांच्या वर पायऱ्या आहेत. उतरणं एकवेळ जमेल, चढून वर यायचं पण असतं. तुम्ही गुडघ्यांचं पत्रात काही लिहिलं नाहीत, पण पासष्टाव्या वर्षी ते न लिहिताही कळतं. त्या दिवशी वर टिर्नाच्या गावात बसून राहायला लाजू नका. काझीरंगात जीपने फिरताना मागच्या सीटवर बसू नका, हाडं खिळखिळी होतात.

मेघालयात रेल्वेचा फारसा उपयोग नाही, गुवाहाटीहून सगळं गाडीनेच. शिलाँगपर्यंत शंभर किलोमीटर, घाटाचा रस्ता. गाडी लागत असेल तर पुढची सीट आत्ताच सांगून ठेवा, नंतर मैत्रीत भांडणं होतात. बीपीची गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको, कारण गोव्याहून तिथवर विमान बहुधा मध्ये बदलावं लागतं आणि बॅग कधी मागे राहते. आयोजकांना विचारा की खोली दोघींत आहे की तिघींत, आणि घोरणारी कोण आहे ते मैत्रिणींना विचारा.

आणि थंडीचे कपडे. फेब्रुवारीत शिलाँगला रात्री पारा दहाच्या खाली जातो. आपल्या कपाटातली ती एक शाल, जी आपण डिसेंबरात काकड आरतीला अंगावर घेतो, तिने काही होणार नाही. लोकरीचे मोजे, कानटोपी, आतून घालायचं गरम, हे सगळं लागेल. सुनेला बरोबर घेऊन पणजीला जा आणि रंग तिला निवडू द्या.