कड्यावर गेलो आणि काहीच दिसलं नाही!

प्रश्न: गेल्या जूनमध्ये आम्ही आयर्लंडचे मोहरचे कडे पाहायला गेलो. फोटोंत उसळत्या लाटा आणि पफिन पक्षी पाहून मुलांना केव्हाचं सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात समुद्र सपाट, पफिन एकही नाही, खाली नुसते पांढरे ठिपके. चाळीस मिनिटांत बस निघाली. आम्ही चुकीच्या वेळी गेलो की फोटोच खोटे?

उत्तर: फोटो खरे असतात, फक्त ते चाळीस मिनिटांत काढलेले नसतात. महिना तुम्ही अचूक निवडला होता. पफिन एप्रिलच्या सुमारास जमिनीवर येतात आणि जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात. तुमचा घात केला तो उंचीने. हे कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर भरतात. तिथून तीन मीटरची लाट चादरीवरच्या सुरकुतीएवढी दिसते, आणि पफिन हा वीतभराहून जरासाच मोठा पक्षी. मोहरला ते बहुतेक गोट आयलंड नावाच्या गवताळ भागावर बिळं करून राहतात. नुसत्या डोळ्यांना सापडायचे नाहीतच. तुमच्या पांढऱ्या ठिपक्यांत किटिवेक नक्की असणार. कपारीतल्या टीचभर जागेवर चिखल-गवताचं घरटं थापून राहणारे हे छोटे कुरव. आठ पटीची दुर्बीण असती तर त्या ठिपक्यांची भांडणंही दिसली असती.

आता लाटांचं. बहुतेक लोक वारा बघून निघतात आणि फसतात. जवळच्या वाऱ्याने समुद्र नुसता खडबडीत होतो. कड्यावर धडकणारी खरी लाट शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरच्या वादळातून आलेली असते, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ‘स्वेल’ या शब्दाखाली तिची उंची असते आणि शेजारी सेकंद. त्या सेकंदांकडे बघा. दोन लाटांत सहा सेकंद असतील तर ती किरकिर. चौदा-पंधरा असतील तर चहा टाकलेला असला तरी गॅस बंद करून निघा.

दुसरं म्हणजे भरती. पायथ्याशी खडकांचा ओटा असेल तर ओहोटीला लाट बाहेरच फुटते आणि कड्यापर्यंत नुसता फेस पोचतो. भरती चढली की तीच लाट सरळ भिंतीवर येते. परत फिरलेलं पाणी मागून येणाऱ्या लाटेला भिडतं आणि दोघांचा मिळून उभा खांब उठतो. खाली गुहा असेल तर लाट तिचं तोंड बंद करते, आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि तोफेसारखा दणका होतो. तो कानांआधी तळपायांना कळतो. मला विचाराल तर या सगळ्यात तोच सर्वांत आवडता क्षण.

म्हणून मी ओहोटीला पोचते. तेव्हा सील खडकांवर लोळत असतात. मग पाणी चढेपर्यंत चार-पाच तास बसून राहते. उंच टोकावर नाही, तर बाजूच्या एखाद्या बुटक्या सुळक्यावर, जिथून कडा आडवा दिसतो. कड्यावर उभं राहिलं की कडाच दिसत नाही! आणि हो, मोहरचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सगळं सावलीत असतं. दुपारनंतर जा.

प्रश्न: कठड्यापलीकडे पुष्कळ लोक जाऊन फोटो काढतात. जागा तर पक्की दिसते. खरंच एवढा धोका असतो का?

उत्तर: वरून पक्कीच दिसते. लाटा कड्याचा पाय कोरतात, वरचा खडक तसाच अधांतरी राहतो आणि त्यावर गवत हिरवंगार वाढतं. तुम्ही जमिनीवर आहात की छज्ज्यावर, हे तिथे उभं राहून कळत नाही, बाजूने पाहिलं तरच कळतं. पावसानंतर तर नकोच. पफिनच्या वसाहतीत शिवाय पायाखालची बिळं खचतात, आतल्या एकुलत्या पिल्लासकट.

खालच्या खडकांवर उतरणाऱ्यांना एक हिशेब सांगते. अ‍ॅपवर ‘३ मीटर’ दिसतं ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत एखादी तिच्या जवळजवळ दुप्पट येतेच. तेव्हा अर्धा तास कोरडा राहिलेला खडक हा काही पुरावा नव्हे. कोणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. तरंगणारं काहीतरी फेका, पाठीवर तरंगत राहायला ओरडून सांगा आणि मदतीला फोन करा.

उपदेश करणारी मी स्वतः एकदा काठाशी पालथी पडून खाली डोकावले होते. हातभर अंतरावर फुलमार अंड्यावर बसला होता. हा पक्षी चिडला की पोटातलं तेल नेम धरून थुंकतो. सडक्या माशासारखा वास, आणि तो जात नाही. पाच वेळा धुतलेलं जाकीट शेवटी टाकून दिलं. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, एवढंच सुख.

प्रश्न: खालच्या पुळणीवर सीलचं पांढरं पिल्लू एकटंच रडत होतं. आम्ही त्याला पाण्यात सोडायला हवं होतं का?

उत्तर: नाही सोडलंत, बरं केलंत. करड्या सीलच्या पिल्लाचा तो पांढरा केसाळ अंगरखा पाण्यासाठी नसतोच. भिजलं तर गारठतं. आई साधारण तीन आठवडे पाजते आणि मधल्या वेळी बहुधा जवळच पाण्यात डोकं वर काढून असते. माणसं हटेनात तर ती येत नाही, कधी कायमचीच येत नाही. जखम दिसली तर तिथल्या वन्यजीव बचाव पथकाला कळवा, कुत्रा बरोबर असेल तर बांधून ठेवा आणि लांब व्हा. रडणं म्हणाल, तर ते बहुतेक वेळा भुकेचं असतं.